प्रोग्रामचे शुद्धलेखन : नियम कोणते आणि किती?

मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक चौदा नियमांना महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी चारांची भर पडली. हे अठरा नियम ज्यांनी शाळेत घोकले आहेत, त्यांना दोन तऱ्हेचे नियम आठवत असतील. ‘दिन’ आणि ‘दीन’ यांतील इकार चुकला, तर अर्थच बदलतो. दिवसाचा दरिद्री होतो. उलट ‘कांहीं’, ‘जेव्हां’ अशा शब्दांवरील न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, तेव्हा वाचणाऱ्याचे काही अडले नाही. सर्वांचे लेखन एकसारखे दिसावे, एवढाच त्यामागील हेतू होता. पहिला नियम मोडणे ही चूक, दुसरा मोडणे हे नुसते वेगळेपण. वर्गात मात्र दोन्हींसाठी अर्धा-अर्धा गुणच कापला जाई.

संगणकाचा प्रोग्राम हेही एक लेखनच आहे. ते यंत्राने पाळायचे असते हे खरे. पण ते पुन्हा पुन्हा वाचावे लागते ते माणसांनाच. आज लिहिणारा उद्या नोकरी बदलतो आणि त्याचे लेखन दुसऱ्याला दुरुस्त करावे लागते. प्रोग्राम प्रत्यक्ष न चालवता, केवळ त्याचा मजकूर वाचून त्यातील दोष दाखविणाऱ्या साधनाला ‘लिंटर’ म्हणतात. कपड्याला चिकटणारे सुताचे बारीक तंतू म्हणजे लिंट; ते झटकून टाकणारा तो लिंटर. बेल प्रयोगशाळेतील स्टीफन जॉन्सन यांनी १९७८ मध्ये सी भाषेतील प्रोग्राम तपासण्यासाठी असे साधन तयार केले आणि त्याला ‘लिंट’ हेच नाव दिले. त्याचे वंशज आज जवळपास प्रत्येक संगणकभाषेत आहेत.

जावास्क्रिप्ट या भाषेला त्यांची गरज अंमळ अधिकच भासते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी १९९५ मध्ये अवघ्या दहा दिवसांत या भाषेचा पहिला आराखडा उभा केला. पाहुण्याने काहीही मागितले तरी ‘नाही’ न म्हणणाऱ्या यजमानासारखी ती आहे. लिहिणाऱ्याने घोटाळा केला तरी ती सहसा थांबत नाही. काहीतरी अर्थ लावून पुढे जाते. बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, वीजबिलाचा भरणा यांची जी पाने आपण उघडतो, त्यांच्या पडद्याआड बहुतेक वेळा हीच भाषा राबत असते. तेव्हा तिच्या या आतिथ्यशीलतेचा हिशेब अखेर सामान्य माणसालाच चुकता करावा लागतो.

नाशिककरांच्या दृष्टीने हा विषय दूरचा नाही. २००३ च्या सिंहस्थात येथे झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविकांचे प्राण गेले. गर्दी, निवारा आणि आरोग्य या प्रश्नांवर तंत्रज्ञानाची मदत घ्यावी, या विचाराने २०१५ च्या सिंहस्थाआधी येथे ‘कुंभथॉन’ नावाची शिबिरे भरली. मूळचे नाशिकचे आणि अमेरिकेतील एमआयटी मीडिया लॅबमध्ये संशोधन करणारे प्रा. रमेश रासकर यांचा त्यात पुढाकार होता. याच रासकरांच्या नेतृत्वाखाली २०२० मध्ये कोरोनाच्या साथीत ‘प्रायव्हेट किट : सेफ पाथ्स’ हे मोबाइल ॲप तयार झाले. बाधित व्यक्तीचा माग काढता यावा, पण कोणाच्या हालचालींची माहिती त्याच्या संमतीवाचून फोनबाहेर जाऊ नये, हा त्यामागचा आग्रह होता. ते ‘रिॲक्ट नेटिव्ह’ या जावास्क्रिप्टच्या चौकटीत लिहिले गेले, त्याचा मजकूर सर्वांना खुला ठेवला गेला आणि जगभरच्या स्वयंसेवकांनी त्याला हातभार लावला. एकमेकांचे तोंडही न पाहिलेली माणसे एकच लेखन लिहीत असतील, तर नियम तोंडी ठरवून भागत नाही. ते कोठेतरी लिहून ठेवावे लागतात आणि ते पाळले जातात की नाही, हे न थकता पाहणारा कोणीतरी लागतो.

तीन पिढ्यांचा तंटा

डग्लस क्रॉकफर्ड यांचा ‘जेएसलिंट’ २००२ मध्ये आला. तो जुन्या वळणाच्या मास्तरांसारखा होता. चांगले काय, वाईट काय हे क्रॉकफर्ड यांनी ठरविलेले. वापरणाऱ्याला फारसे विचारायचे नाही. पुष्कळांना ते सोसवेना, म्हणून २०११ मध्ये त्यातूनच ‘जेएसहिंट’ फुटून निघाला. त्याने पर्याय वाढविले. पुढे २०१३ मध्ये निकोलस झाकस यांनी ‘ईएसलिंट’ सुरू केला आणि प्रत्येक नियम सुटा केला. हवा तो ठेवा, नको तो बंद करा, मनासारखा नसेल तर स्वतः लिहा. आज जावास्क्रिप्टच्या जगात सर्वाधिक दबदबा याच साधनाचा आहे.

स्वातंत्र्य मिळाले, तशी निवडीची जबाबदारीही गळ्यात पडली. मूळचे नियम आणि बाहेरून जोडता येणारे मिळून शेकडो नियम समोर असतात. नवा चमू उत्साहाच्या भरात सगळेच चालू करतो. पहिल्याच तपासणीत हजारो दोष पडद्यावर येतात, आठवडाभर कुरकुर होते आणि मग त्या यादीकडे पाहणेच सर्वजण सोडून देतात. चालू असूनही कोणी न पाहणारा लिंटर हा नसलेल्या लिंटरपेक्षा वाईट, असे माझे मत आहे. कारण त्याच्या भरवशावर माणसे निर्धास्त राहतात.

पान मराठी, सापळेही मराठी

समजा, २०२७ च्या सिंहस्थातील अमृतस्नानांसाठी येणाऱ्या भाविकांना मुक्कामाची जागा आणि रुग्णवाहिका शोधून देणारे एक मराठी पान नाशिकच्या चार-पाच तरुणांनी मिळून तयार करायचे ठरविले. त्यांनी कोणते नियम लावावेत?

आरंभ ‘रेकमेंडेड’, म्हणजे ईएसलिंटनेच सुचविलेल्या संचापासून करावा. त्यातील बहुतेक नियम ‘दिन-दीन’ जातीचे आहेत. शिल्लक जागा शून्य आहे का, हे पाहताना लिहिणाऱ्याच्या हातून तीनऐवजी एकच बरोबरचे चिन्ह पडले, तर जावास्क्रिप्ट तुलना करीत नाही. शिल्लक जागांच्या खान्यात शून्य भरून मोकळी होते. शिवाय ‘जागा संपल्या’ ही सूचनाही दाखवीत नाही, कारण शून्याला ती ‘असत्य’ समजते. ‘नो-कंड-असाइन’ हा नियम अशी ओळ पकडतो. घाटांपुढे रुग्णवाहिकांचे दूरध्वनी क्रमांक लिहिलेल्या तक्त्यात ‘रामकुंड’ चुकून दोनदा आले, तर नंतरचा क्रमांक आधीच्या क्रमांकाला गुपचूप पुसून टाकतो. ‘नो-ड्यूप-कीज’ ते लक्षात आणून देतो. कधीच घोषित न केलेले नाव वापरले, तर ‘नो-अनडेफ’ ओरडतो आणि ‘जागा’चे ‘जगा’ झालेले सापडते. (जावास्क्रिप्टमध्ये अशी नावे देवनागरीत ठेवता येतात. फारसे कोणी ठेवत नाही, हा भाग वेगळा.)

यापुढचे सापळे खास आपले आहेत. भाविकाने ‘माणसे किती?’ या चौकटीत मराठी कळफलकावरून ‘१२’ असे भरले. जावास्क्रिप्ट केवळ रोमन पद्धतीचे अंक ओळखते. देवनागरी अंकांचे तिने संख्येत रूपांतर करायला घेतले, की हाती येते ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’ असे सांगणारे एक विचित्र मूल्य. ते विचित्र अशासाठी, की ते स्वतःच्याही बरोबरीचे नसते. त्यामुळे ‘उत्तर नॅनबरोबर असेल तर भाविकाला पुन्हा विचारा’ असे लिहिले, तर ती अट कधीच पुरी होत नाही. पान पुढे जाते, हिशेब बिघडतो आणि मुक्कामाच्या पावतीवर माणसांच्या जागी तीन रोमन अक्षरे छापून येतात. ‘यूज-इझनॅन’ हा नियम नेमकी ही तुलना पकडतो आणि त्यासाठीची योग्य आज्ञा वापरण्यास सांगतो. देवनागरी अंक आधी बदलून घ्यावेत, हे मात्र तो सांगत नाही. ते आपल्याला ठाऊक असावे लागते.

दुसरा सापळा अक्षरांचा. आपल्या दृष्टीने ‘नाशिक’ तीन अक्षरांचा शब्द आहे. जावास्क्रिप्टला विचारले, तर ती लांबी पाच सांगते, कारण काना आणि वेलांटी तिच्या लेखी स्वतंत्र चिन्हे आहेत. भाविकाचे नाव तपासण्यासाठी ‘यांपैकी कोणतेही एक अक्षर’ असा नमुना लिहिताना त्या कंसात ‘कि’ घातला, तर तिला त्यात ‘क’ आणि सुटी वेलांटी अशी दोन चिन्हे दिसतात. ‘नो-मिसलीडिंग-कॅरेक्टर-क्लास’ या लांबलचक नावाचा नियम त्याविषयी सावध करतो. इंग्रजीत लिहिणाऱ्यांना तो क्वचितच भेटतो. मराठीत लिहिणाऱ्यांना पहिल्याच आठवड्यात भेटतो.

तिसरा सापळा सर्वांत चोरटा आहे. ‘ॲम्ब्युलन्स’ या शब्दातील पहिले अक्षर दोन प्रकारे टंकता येते. एक, २००८ पासून युनिकोडमध्ये असलेले ‘ॲ’ हे एकसंध अक्षर. दुसरे, साध्या ‘अ’वर चंद्राचे चिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. संगणकाला ती वेगळी वाटतात, आणि युनिकोडच्या नेहमीच्या प्रमाणीकरणातही ती एकत्र येत नाहीत. ‘पायऱ्या’ या शब्दातील अर्ध्या ‘र’चीही हीच कथा आहे, तोही दोन निरनिराळ्या पद्धतींनी लिहिला जातो. रामकुंडाच्या पायऱ्यांवर कोणी घसरून पडले, सोबतच्या माणसाने फोनवर ‘ॲम्ब्युलन्स’ शोधले आणि यादीत तो शब्द दुसऱ्या पद्धतीने टंकलेला असला, तर पडद्यावर उत्तर येईल : ‘काही सापडले नाही.’

यासाठी ईएसलिंटमध्ये तयार नियम नाही. पण ‘नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स’ नावाची सोय आहे. अमुक स्वरूपाचा मजकूर या प्रकल्पात चालणार नाही, असे तीत आपल्या शब्दांत लिहून ठेवता येते. ‘अ’ आणि चंद्र ही जोडी कोणत्याही वाक्यखंडात आली की दोष दाखवावा, आणि सोबत ‘एकसंध ॲ वापरा, नाहीतर शोध फसतो’ असा मराठी खुलासा यावा, हे काम चार ओळींचे आहे. चमूने स्वतः लिहिलेला असा एक नियम उसन्या घेतलेल्या पन्नासांपेक्षा मोलाचा, कारण तो त्या कामाच्या अनुभवातून आलेला असतो. अर्थात, लिंटर वाचतो तो प्रोग्रामचा मजकूर. भाविक फोनवर काय टंकतो, हे त्याला दिसत नाही. ती दोन रूपे शोधापूर्वी एक करून घेण्याची तजवीज प्रोग्रामातच करावी लागते.

लिंटरची आणखी एक मर्यादा येथेच सांगितलेली बरी. चौकटीतून आलेली ‘२५’ ही संख्या रोमन अंकांत असली, तरी ती आधी मजकूरच असते. तिच्यात ५ मिळविले, तर जावास्क्रिप्ट ३० न करता दोन्ही शेजारी चिकटवून २५५ करते. साधा ईएसलिंट यावर मौन पाळतो, कारण कोणते नाव संख्येचे आणि कोणते मजकुराचे, हे त्याला माहीत नसते. त्यासाठी टाइपस्क्रिप्टची आणि तिच्यासाठीच्या जोडनियमांची मदत घ्यावी लागते.

फाइलीत काय लिहावे?

नियम ज्या फाइलीत लिहायचे तिचे नाव ‘ईएसलिंट डॉट कॉन्फिग डॉट जेएस’. २०२४ च्या एप्रिलमध्ये आलेल्या नवव्या आवृत्तीपासून हीच पद्धत प्रमाण ठरली. जुन्या पुस्तकांत वा धड्यांत ‘ईएसलिंटआरसी’ नावाची फाइल दिसली, तर तो धडा जुना समजावा. नव्या फाइलीत एक यादी असते. यादीतील प्रत्येक कलम कोणत्या फाइलींना लागू, हे सांगता येते आणि एकाच फाइलीला दोन कलमे लागू झाली, तर नंतरचे वरचढ ठरते. म्हणून सर्वसाधारण नियम वर लिहावेत आणि अपवाद खाली. हा प्रोग्राम ब्राउझरमध्ये चालणार की सर्व्हरवर, हेही येथेच सांगावे लागते. नवशिक्यांची पहिली तक्रार, म्हणजे ‘डॉक्युमेंट’सारख्या रोजच्या नावालाही लिंटर अनोळखी म्हणतो, ही बहुधा याच विसराळूपणातून आलेली असते.

प्रत्येक नियमाला तीन पातळ्या आहेत : ‘ऑफ’, ‘वॉर्न’ आणि ‘एरर’. ‘एरर’ आली, की तपासणी नापास होते. ‘वॉर्न’ म्हणजे नुसता इशारा. इशारे साठत जातात आणि कोणी पाहत नाही, हा सार्वत्रिक अनुभव आहे. इशाऱ्याची पातळी एखादा नवा नियम महिनाभर अजमावून पाहण्यापुरती ठेवावी. त्यानंतर त्याला ‘एरर’ करावे किंवा बंद करावे. शून्याहून अधिक इशारे आले तरी नापास ठरवावे, अशीही सोय आहे.

सुचविलेल्या संचाबाहेरचे थोडेच नियम घ्यावेत, आणि प्रत्येकामागे कारण असावे. तुलनेसाठी नेहमी तीन चिन्हे वापरावीत, असे सांगणारा नियम त्या संचात नाही. पण दोन चिन्हांच्या तुलनेत जावास्क्रिप्ट रिकामी चौकट आणि शून्य यांना एकच मानते, हे कळल्यावर मुक्कामाच्या पानासाठी तो घ्यावासा वाटेल. ‘नो-कन्सोल’ हा नियम लिहिणाऱ्याने तपासणीसाठी केलेल्या तात्पुरत्या नोंदी राहून गेल्या, तर दाखवितो. साध्या दुकानाच्या पानात तो नसला तरी चालते. माणसांच्या हालचालींची माहिती हाताळणाऱ्या ॲपमध्ये तो ‘एरर’च हवा, कारण विसरलेल्या एका नोंदीतून कोणाचा ठावठिकाणा कोठे उमटेल, हे सांगता येत नाही.

क्वचित नियम मोडणेच योग्य असते. त्यासाठी त्या ओळीपुरता नियम शिथिल करणारी टीप लिहिता येते, आणि टिपेतच दोन आडव्या रेघांपुढे कारणही देता येते. कारणाशिवाय सूट नाही, एवढे पथ्य पाळले, तरी निम्म्या सवलती आपोआप टळतात.

आता ‘कांहीं’ जातीच्या नियमांविषयी. ओळीच्या आरंभी दोन मोकळ्या जागा सोडाव्यात की चार, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी, यावर वर्षानुवर्षे वाद झाले आहेत. त्यांनी प्रोग्रामचे काहीही बिघडत नाही. २०१७ मध्ये जेम्स लाँग यांचा ‘प्रेटिअर’ आला आणि त्याने वाद मिटविण्याऐवजी वादाचे कारणच काढून घेतले. तो दोष दाखवीत नाही, सरळ सारा मजकूर एका ठरावीक वळणात मांडून देतो. २०२३ मध्ये ईएसलिंटनेही मांडणीविषयीचे आपले नियम निवृत्त केले. तेव्हा मांडणी प्रेटिअरकडे सोपवावी आणि चमूच्या बैठकीत तो विषय पुन्हा काढू नये. फक्त जुन्या प्रकल्पात तो पहिल्यांदा चालविताना होणारा सगळा बदल स्वतंत्रपणे नोंदवावा. नाहीतर कोणती ओळ कोणी आणि का लिहिली, हा इतिहास धूसर होतो.

जुन्या लेखनाचे काय?

अठरा नियमांत एक मोठे समंजस कलम आहे. केशवसुतांपूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे छापताना ते मुळाप्रमाणेच छापावेत, असे ते सांगते. म्हणजे एक रेषा आखली : हिच्यामागचे जसे आहे तसे, पुढचे नियमाप्रमाणे. मोरोपंतांना शुद्धलेखनाच्या चुका दाखवीत कोणी बसायचे नाही.

जुन्या प्रोग्रामांना हाच न्याय लावावा लागतो. दुसऱ्या कोणाचा आठ-दहा वर्षांचा प्रकल्प सांभाळायला घेणे, हे आपल्याकडील अनेक लहान कंपन्यांचे रोजचे काम आहे. तेथे नवा नियम ‘एरर’ केला, की दोन हजार दोष उभे राहतात. सगळे एकदम दुरुस्त करणे धोक्याचे, कारण चालत्या गाड्याला खीळ बसते. आणि नियमच सोडून द्यावा, तर दोष वाढतच जातात. २०२५ च्या एप्रिलमध्ये ईएसलिंटने यावर तोड काढली. असलेले दोष कोणत्या फाइलीत, कोणत्या नियमाचे, किती, याची एक नोंदवही तयार होते. तेवढे दोष माफ. एकही वाढला, की तपासणी नापास. जुने जसजसे दुरुस्त होतील, तसतशी नोंदवहीतील आकडेवारी कमी करीत जायची. त्याआधी अनेक चमू हेच काम स्वतःच्या जुगाडाने करीत. आपल्या मुक्कामाच्या पानाची यादी एखाद्या जुन्या प्रकल्पातून आली, तर ‘ॲ’च्या दोन रूपांचा नियमही याच वाटेने आणता येईल, मात्र रुग्णवाहिकांची यादी माफीतून वगळून त्याच दिवशी दुरुस्त केलेली बरी.

तपासणी कोठे व्हावी? लिहिणाऱ्याच्या संपादकात ती लिहिताना दिसावीच. पण खरी चौकी असावी ती सामायिक मजकुरात भर घालण्याच्या दारावर. तेथे यंत्राने तपासल्याशिवाय कोणाचेही लेखन आत जाऊ नये, प्रमुखाचेही नाही. आणि नियमांची फाइल बदलायची असेल, तर किमान दोघांची संमती असावी. घाईच्या रात्री सर्वांत आधी हात जातो तो याच फाइलीकडे.

एक धोका मात्र या राखणदाराकडूनच संभवतो. लिंटर आणि त्याचे जोडनियम ही बाहेरून आणलेली साधने असतात, आणि लिहिणाऱ्याच्या संगणकावर ती पूर्ण अधिकारानिशी चालतात. २०१८ च्या जुलैमध्ये ‘ईएसलिंट-स्कोप’ या भागाची एक विषारी आवृत्ती चोरलेल्या खात्यावरून प्रसिद्ध करण्यात आली. ती वापरणाऱ्यांची ओळखपत्रे लांबवीत होती. २०२५ च्या जुलैमध्ये ‘ईएसलिंट-कॉन्फिग-प्रेटिअर’च्या बाबतीत तसेच घडले, त्याच्या देखभाल करणाऱ्याला बनावट पत्राने फसविण्यात आले होते. कुंपणानेच शेत खाण्याचा हा प्रकार. म्हणून कोणत्या साधनाची नेमकी कोणती आवृत्ती वापरायची, हे ‘लॉक’ फाइलीत गोठवून ती फाइल प्रकल्पासोबतच ठेवावी, नव्या आवृत्तीला हात लावण्याआधी काही दिवस जाऊ द्यावेत, आणि जो जोडनियम कशासाठी घेतला हे चमूत कोणालाच सांगता येत नाही, तो काढून टाकावा.